इमर्जन्सी लाइट: नुसता मेन स्विच पाडून टेस्ट करू नका

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे दवाखाने, मंगल कार्यालयं, मार्केटच्या इमारती भराभर उभ्या राहताहेत. बाहेर पडायच्या वाटेवरच्या इमर्जन्सी लायटिंगचं काम नव्या पोरांच्या अंगावर लवकर पडतं. फिटिंग (आत बॅटरी असलेला इमर्जन्सी दिवा), बॅटरी, लक्स (उजेडाचं माप) तुम्हाला माहीतच आहे. मला ज्याने सगळ्यात जास्त दमवलं तेवढं सांगतो.

प्रश्न एकच: फिटिंगला चार्जिंगचा फेज, म्हणजे बॅटरी भरणारी चालू वायर, कुठून दिला? ही फिटिंगं एरवी बंद असतात, त्यांच्याकडे येणारा सप्लाय गेला की बॅटरीवर लागतात. जिन्यातला नेहमीचा दिवा चालू आहे की गेला, हे त्यांना कळत नाही. ठेकेदार वायर वाचवायला सगळी फिटिंगं एका वेगळ्या एमसीबीवर (बिघाड झाला की आपोआप पडणारा सर्किटचा स्विच) टाकतो. मेन पाडला की सगळी लागतात, मालक खूश. पण आगीत आधी मेन जाईलच असं नाही. एखादी वायर जळते आणि जिन्याचा एकटा एमसीबी पडतो. भुसावळच्या एका साइटवर आम्ही नेमका तेवढाच पाडला. जिन्यात मिट्ट काळोख, आणि फिटिंगवर चार्जिंगचा हिरवा ठिपका मजेत जळतोय. वायरमन म्हणे, "दादा, लाइट तं खराब नहीं!" खरंच होतं, फिटिंगमध्ये काहीच बिघाड नव्हता.

म्हणून फेज त्याच जिन्याच्या लायटिंग सर्किटमधून घ्या, आणि स्विचच्या आधी घ्या. स्विचनंतर घेतला तर वॉचमनने दिवे बंद केले की फिटिंग लागणार आणि बॅटरी रोज उतरणार. यूपीएसवर टाकाल तर लाइट गेल्याचं फिटिंगला कळणारच नाही. जनरेटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो लोड घेईपर्यंतचे सेकंदच जिन्यात चेंगराचेंगरीचे असतात.

घाबरू नका, हे एकदा हाताखालून गेलं की पुन्हा चुकत नाही. पण जुन्या ड्रॉइंगवरून कॉपी मारायला शिकवणाऱ्या साहेबापासून लांब राहा. डीबी (एमसीबी बसवलेली पेटी) उघडून दाखवणारा म्हातारा वायरमन शंभरपट चांगला गुरू.

परदेशी कॅटलॉगमधल्या दोन फिटिंगमधल्या अंतराच्या तक्त्यावरही डोळे मिटून जाऊ नका. तो बहुतेक वेळा वाटेच्या मध्यरेषेवर 1 लक्स धरून केलेला असतो. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या भाग 4 मध्ये जमिनीवर 10 लक्स आहे. म्हणजे तक्त्याप्रमाणे लावलेली फिटिंगं आपल्याकडे तोकडी पडतात. वळण, पायऱ्या, दरवाजा, अग्निशामक सिलिंडरची जागा आधी धरा, मग मधलं अंतर भरा.

बॅटरी किमान दीड तास चालली पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 गाठतो, वरच्या मजल्याचा स्लॅब त्याहून तापतो, आणि उष्णतेने बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. त्यामुळे नवी असताना पास झालेली बॅटरी दोन उन्हाळ्यांनंतर किती टिकते ते मोजाच.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. तो नुसत्या सहीवर जाऊ देऊ नका. त्याआधी एका रात्री प्रत्येक मजल्याचा लायटिंग एमसीबी एकेक करून पाडा, लक्स मीटर जमिनीवर ठेवा, आणि दीड तास तिथेच थांबा.