कणखर नायिका लिहिताय? या चुका टाळा

टीव्ही मालिकेच्या नव्या लेखकाच्या पहिल्या टिपणात नायिकेचं वर्णन बहुतेक वेळा असं असतं: ‘कणखर, स्वाभिमानी, पण रागीट.’ नाहीतर ‘पण वेंधळी’. सगळा घोळ या ‘पण’पासून सुरू होतो. तिच्या हातून चहा सांडतो, नायक हसतो, पुढचा सीन. हा दोष काढून टाकला तरी गोष्टीत काडीचा फरक पडत नाही.

दोष गुणाच्याच मुळातून यायला हवा. नौपाड्यातल्या एखाद्या पतसंस्थेत कर्ज विभाग सांभाळणारी बाई घ्या. ती कुणाच्या तोंडी शब्दावर विसंबत नाही, म्हणून जामीनदाराची खोटी सही तिच्या नजरेतून सुटत नाही. तीच बाई घरी नवऱ्याचा मोबाइल तपासणार आणि मुलीच्या मैत्रिणीला फोन करून ‘खरंच तुझ्याकडे होती का गं?’ असं विचारणार. स्वभाव एकच, फक्त जागा बदलली. कागदावर दोष खोडून बघा. गुण जसाच्या तसा शिल्लक राहिला, तर दोष वरून चिकटवलेला आहे.

सगळ्यात जास्त ट्रॅक (मालिकेतले कथानकाचे धागे) मरतात ते मात्र नायिकेची चूक धुऊन काढण्याच्या घाईने. हीच बाई पुढे नेऊ. बहिणीचं कर्ज मंजूर व्हावं म्हणून ती एक प्रतिकूल अहवाल दाबते. तिसाव्या भागापर्यंत छान रंगतं. तिला झोप लागत नाही, जुन्या शिपायाच्या नजरेला ती नजर देत नाही. मग गुरुवारी टीआरपी येतो, आकडा घसरलेला. मीटिंगमध्ये ‘बाई निगेटिव्ह वाटतेय’ असा सूर लागतो आणि लेखक घाबरतो. चाळिसाव्या भागात कळतं की अहवाल धाकट्या जावेने दाबला होता आणि ही तिला पाठीशी घालत होती. झालं! अभिनेत्रीने इतके दिवस डोळ्यांत सांभाळलेलं अपराधीपण आता कशाचं? शिपायाची नजर ती का चुकवत होती? आधीचे सीन खोटे पडतात, आणि पुढचं नुकसान त्याहून मोठं. यापुढे तिने काहीही केलं तरी खरी गुन्हेगार दुसरीच असणार, हे प्रेक्षक धरून चालतो. मग ताण उरत नाही.

बालपणीचा फ्लॅशबॅक हा याच चुकीचा सौम्य प्रकार. दारुडा बाप, पावसात रडणारी मुलगी. दुःख जरूर दाखवा, पण आधी जिचं किंवा ज्याचं नुकसान झालं त्याला पडद्यावर बोलू द्या. ते न करता नायिकेची बाजू मांडली की लेखक तिचा वकील होतो.

माझी सवय अशी: नायिकेची चूक लिहिली की त्याच दिवशी भोगणाऱ्याचा सीन लिहायचा, शूट होवो न होवो. इथे तो शिपाई. कर्ज थकलं आणि चौकशी त्याच्यावर आली, कारण फाइल शेवटची त्याच्या हातात होती. तो तिला काय म्हणेल? ते वाक्य सापडलं की पुढचे आठ-दहा भाग आपोआप उलगडतात. डेली मालिकेत ही किंमत तीन-चार भागांत समोर यायला हवी.

‘उंबरठा’ (1982) पुन्हा बघा. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. स्मिता पाटीलची सुलभा लहान मुलीला मागे ठेवून महिला सुधारगृहाच्या नोकरीवर जाते. परतल्यावर नवऱ्याचा दुसऱ्या बाईशी संबंध आहे हे कळतं आणि ती पुन्हा घराबाहेर पडते. तिला निर्दोष ठरवायची धडपड कुठेही दिसत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. थोबाडीत, स्लो मोशन आणि पाठीमागे शंखनाद, याला कणखरपणा म्हणत नाहीत. ती हुशार दिसावी म्हणून आजूबाजूच्या सगळ्यांना बावळट करू नका. सगळे दोष खलनायिकेच्या टिकलीत कोंबले की नायिकेकडे सोसण्यावाचून काम उरत नाही.

आणखी एक, फार खटकणारी: कासारवडवलीत राहणारी, फोर्टात नोकरी करणारी बाई संध्याकाळी सहाला इस्त्रीच्या साडीत दिवा लावताना दिसते. घोडबंदर रोडची कोंडी कुठे गेली? ठाणे स्टेशनबाहेरची बसची रांग? तिचा चिडकेपणा तिथेच साचतो. तो प्रवास लिहिला असता तर सासूवर ओरडण्यासाठी वेगळं कारण शोधावं लागलं नसतं.

कथा, पटकथा आणि संवाद तीन वेगळे लेखक करतात तेव्हा दोष वाटेत गळतो. म्हणून वनलाइनमध्ये, म्हणजे भागाच्या सीनवार आराखड्यात, प्रत्येक सीनसमोर दोन गोष्टी लिहा: तिला काय हवंय आणि ती काय लपवतेय. संवादलेखकाला एवढं पुरतं.

माफीचा सीन एका मिठीत संपवू नका. समोरच्याने पहिल्यांदा माफी नाकारावी. आणि ‘मी आहेच अशी’ हा संवाद दिसला की खोडा. नवशिके सुरुवातच या वाक्याने करतात, कारण टाळी लगेच मिळते. त्या जागी तिला काहीतरी करू द्या: मुलगी झोपल्यावर तिचं दप्तर उघडून बघू द्या.