कापडी छताची गाडी असेल तर हे नक्की करा

कन्व्हर्टिबलचं (छत घडी करून उघडता येतं अशा गाडीचं) कापडी छत पत्र्यासारखं धुवू नका प्लीज. आधी कोरडं असतानाच व्हॅक्यूम किंवा मऊ ब्रशने धूळ काढा, शिवणीच्या कडेला बारीक माती अडकून बसते आणि पाणी पडलं की तिचाच चिखल होऊन आत मुरतो. मग सावलीत गाडी लावून, छत थंड असताना, कापडी छतासाठीच मिळणारा क्लीनर घ्या, मऊ ब्रशने हलक्या हाताने घासा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत साधं पाणी मारा. ब्लीच अजिबात नको, दोरा कमजोर होतो. प्रेशर वॉशर जवळून मारला तरी शिवण उसवू शकते. मागची काच प्लॅस्टिकची असेल तर अमोनियावाला ग्लास क्लीनर लावू नका, ती धुरकट होते.

छत ओलं असताना घडी करून ठेवलंत तर बुरशी धरलीच समजा, आणि ते काळे ठिपके नंतर सहजासहजी जात नाहीत हो. पूर्ण वाळल्यावरच वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारा, काचा आणि पेंट झाकून. पाण्याचे थेंब मोत्यासारखे न घरंगळता कापडात जिरायला लागले की स्प्रे परत मारायची वेळ झाली.