आरमार बुडालं, स्पेन नव्हे : युरोपातली युद्धं वाचताना या चुका टाळा

‘१५८८ मध्ये स्पेनचं आरमार बुडालं आणि समुद्रावर इंग्लंडचं राज्य सुरू झालं.’ स्पर्धा परीक्षांच्या नोट्सपासून यूट्यूबवरच्या व्याख्यानांपर्यंत हे वाक्य सगळीकडे भेटतं. त्याचा पहिला अर्धा भाग पुरता खरा नाही, आणि दुसरा काळाच्या बराच आधी येऊन बसला आहे.

त्या वर्षी सुमारे १३० जहाजं इंग्लंडवर निघाली होती. इंग्रजांच्या तोफांनी त्यातली थोडीच घालवली. जास्त नुकसान परतीच्या वाटेवर, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर वादळांनी केलं, तरी बरीच जहाजं घरी पोचली. पुढच्याच वर्षी इंग्रज दर्यासारंग ड्रेक मोठं आरमार घेऊन लिस्बनवर चालून गेला आणि हात हलवत परतला. हे युद्ध संपलं १६०४ साली, तहानं, कुणाचाच निकाल न लागता. १६२५ मध्ये स्पेन डचांकडून ब्रेडा हे शहर वेढा घालून जिंकत होता. मेलेला देश असं करत नाही. स्पेनचा पाय खरा घसरला तो १६३९-४० मध्ये. आधी डाउन्सच्या लढाईत डच दर्यासारंग ट्रॉम्पनं त्याचं आरमार फोडलं, मग एकाच वर्षात कॅटलोनिया आणि पोर्तुगाल दोन्ही स्पेनच्या राजाविरुद्ध उठले. आणि समुद्राचे धनी म्हणवणाऱ्या इंग्रजांचं काय? जून १६६७ मध्ये डच जहाजं थेट मेडवे नदीत शिरली आणि इंग्लंडच्या आरमाराचं प्रमुख जहाज ‘रॉयल चार्ल्स’ ओढून घेऊन गेली. १५८८ च्या त्या आरमारानंतर ७९ वर्षांनी!

पुढे काय झालं ते माहीत असल्यामुळे ही चूक होते. तिच्यावर उपाय साधा आहे: लढाईच्या वर्षापुढची वीस वर्षं वाचायची. हरलेला पक्ष पुन्हा फौज उभी करतो का, हे पाहिल्याशिवाय ‘निर्णायक’ हा शब्द वहीत लिहू नये.

देश शोधू नका, घराणं शोधा

नकाशा काढून ‘जर्मनी कुठे आहे?’ म्हणून शोधायला गेलात तर तिथेच अडकाल. त्या जागी पवित्र रोमन साम्राज्य होतं, आणि त्यात शेकडो संस्थानं, मठांच्या जहागिऱ्या आणि मुक्त शहरं. इटली नावाचं राज्य नव्हतं. स्पेनचा राजा मिलान आणि नेपल्सचाही धनी होता, शिवाय ब्रसेल्सचाही. एकाच माणसाला दोन क्रमांक असायचे: सम्राट पाचवा चार्ल्स हाच स्पेनचा पहिला कार्लोस, आणि स्पेनचा दुसरा फिलिप हाच पोर्तुगालचा पहिला फिलिप. वाचताना राजे जास्त वाटू लागले तर आधी हे तपासा.

हा दुसरा फिलिप आपल्याकडेही येऊन गेला म्हणायला हरकत नाही. १५८० ते १६४० अशी साठ वर्षं पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे होती. म्हणजे त्या काळातल्या गोव्याचा राजा माद्रिदमध्ये बसत होता. कारभार पोर्तुगीजांच्याच हातात राहिला, पण स्पेनचे शत्रू आपोआप गोव्याचे शत्रू झाले. डच लोक गोव्याची नाकेबंदी का करत होते, याचं उत्तर युरोपातल्या या वारसाहक्कात बरंचसं सापडतं. नाकेबंदीच्या जहाजांना रसद हवी म्हणून त्यांनी १६३७ मध्ये आदिलशाहीतल्या वेंगुर्ल्याला वखार घातली.

मुंबईचंही तेच. ‘पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात इंग्रजांना आंदण मिळाली’ इतकंच आपण शाळेत शिकतो आणि पोर्तुगालचा राजा भलताच उदार होता असं समजतो. आता १६५९ चा पिरेनीजचा तह बघा. फ्रान्स आणि स्पेन यांचं चोवीस वर्षांचं युद्ध त्यात मिटलं, आणि पोर्तुगालला मदत करणार नाही असं फ्रान्सनं स्पेनला लिहून दिलं. पोर्तुगाल एकटा पडला. स्पेनची सगळी फौज आता त्याच्यावर मोकळी होणार होती, आणि पूर्वेकडे डच एकेक ठाणं गिळत होते: १६४१ ला मलाक्का, १६५६ ला कोलंबो. अशा वेळी १६६१ मध्ये पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनचं लग्न इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी ठरलं. मुंबई, उत्तर आफ्रिकेतलं टँजियर बंदर आणि भलीमोठी रोख रक्कम इंग्लंडला मिळणार होती, बदल्यात इंग्लंड सैनिक आणि जहाजं देणार होतं. ते सैनिक खरोखरच पोर्तुगालमध्ये उतरले आणि स्पेनविरुद्ध लढले. १६६८ मध्ये स्पेननं पोर्तुगालचं स्वातंत्र्य मान्य केलं. गोव्याच्या व्हाइसरॉयला हा सौदा अजिबात पटला नव्हता, त्यानं मुंबई सोपवायला १६६५ उजाडवलं. पुढची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे: राजानं हे बेट कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं देऊन टाकलं.

‘हे धर्मयुद्ध होतं’ आणि ‘धर्म नुसता बहाणा होता’

दोन्ही वाक्यं परीक्षेत गुण मिळवून देतात आणि दोन्ही अर्धवट आहेत. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८-१६४८) कॅथलिक फ्रान्सचा कारभारी रिशेल्यू स्वतः कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चचा वरिष्ठ धर्मगुरू होता. पण १६३१ च्या करारानं तो प्रोटेस्टंट स्वीडनला वर्षाला ४ लाख थेलर (चांदीची नाणी) मोजत होता, कारण त्याला हाब्सबुर्ग घराण्यातल्या कॅथलिक सम्राटाचा जोर मोडायचा होता. ल्यूथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंटच असलेलं सॅक्सनी हे जर्मन संस्थान युद्धाच्या सुरुवातीला सम्राटाच्या बाजूनं होतं. डेन्मार्क आणि स्वीडन एकाच पंथाचे, तरी १६४३ मध्ये एकमेकांवर तुटून पडले.

म्हणून लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. प्रोटेस्टंटांनी घेतलेल्या चर्चच्या जमिनी परत करा, असं फर्मान सम्राटानं १६२९ मध्ये काढलं, तेव्हा त्याच्याशी जुळवून घेतलेले प्रोटेस्टंट राजेही बिथरले. १६३१ मध्ये माग्डेबुर्ग शहर लुटून जाळलं गेलं, त्याची आठवण प्रोटेस्टंट प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. दरबारातला हिशेब आणि गावातली श्रद्धा या दोन वेगळ्या पातळ्या आहेत. कोणतं कारण कोणासाठी, असा प्रश्न विचारला की गोंधळ बराच कमी होतो.

पैसा वगळून लढाया मोजणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपल्याला सेनापती आवडतात, सावकार आवडत नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या खाणीतली चांदी जहाजं भरभरून स्पेनला येत होती, तरी स्पेनच्या राजानं १५५७, १५७५, १५९६, १६०७ आणि १६२७ मध्ये सावकारांचे पैसे थांबवले. चांदी स्पेनच्या सेव्हिल बंदरात उतरण्याआधीच कर्जात गेलेली असायची. १५७५ ची दिवाळखोरी झाली आणि पुढच्याच वर्षी पगार थकलेल्या स्पॅनिश शिपायांनी नेदरलँड्समधलं अँटवर्प लुटलं. नेदरलँड्सच्या ज्या प्रांतांना राजी ठेवायचं तेच त्या लुटीमुळे राजाविरुद्ध एक झाले. एकही लढाई न हरता स्पेननं इतकं गमावलं!

उलट बाजू इंग्लंडची. १७०० च्या सुमारास फ्रान्सची लोकसंख्या सुमारे २ कोटी, इंग्लंडची ५० लाखांच्या आसपास. लढाई माणसांच्या गणितावर चालली असती तर निकाल आधीच ठरला होता. पण १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली, तिनं सरकारला १२ लाख पौंड ८ टक्क्यांनी दिले, आणि व्याजाची हमी राजाच्या लहरीऐवजी पार्लमेंटनं लावलेल्या करांवर आली. सावकाराला भरवसा वाटला की व्याज उतरतं, आणि व्याज उतरलं की युद्ध एक वर्ष जास्त लढता येतं. कोण जिंकलं हे लिहिताना शेजारी एक रकाना आखा: पगार कोण देत होतं?

तारखा जुळत नसतील तर

पुढे इंग्लंडचा राजा झालेला तिसरा विल्यम ११ नोव्हेंबर १६८८ ला हॉलंडहून निघाला आणि ५ नोव्हेंबरला इंग्लंडात उतरला, असं दोन पुस्तकांत मिळून सापडेल. छपाईची चूक नाही. हॉलंडमध्ये नवं ग्रेगोरियन कॅलेंडर होतं, इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियनवर होतं, आणि सतराव्या शतकात दोन्हींत १० दिवसांचा फरक होता. त्यात इंग्लंडचं सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून इंग्लंडचा राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद तिथल्या जुन्या कागदांत ३० जानेवारी १६४८ ला दिसतो आणि आपण १६४९ लिहितो. स्वीडननं तर कॅलेंडर हळूहळू बदलायचा घाट घातला, मध्येच सोडला, आणि हिशेब जुळवायला १७१२ मध्ये ३० फेब्रुवारी हा दिवस साजरा केला.

शिवकालाचे वाचक यात आपोआप ओढले जातात. सुरतेचे इंग्रज जुनी तारीख घालायचे, गोव्याचे पोर्तुगीज नवी. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही जुन्या गणनेची तारीख आहे. नव्या गणनेत ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा तोच दिवस १६ जून येतो. इंग्रजी आणि पोर्तुगीज पत्रांत एकाच घटनेला दहा दिवसांचं अंतर दिसलं, तर आधी कॅलेंडर तपासा.

तह झाला म्हणजे युद्ध संपलं?

१६४८ च्या वेस्टफालियाच्या तहांनंतरही फ्रान्स आणि स्पेन आणखी अकरा वर्षं लढत राहिले. कोणत्या तहावर कोणाच्या सह्या आहेत, एवढं पाहिलं की पुरे.

शेवटची चूक आपल्या पाठ्यपुस्तकांची: भारतातल्या युद्धांचं प्रकरण वेगळं, युरोपचं वेगळं. पहिलं कर्नाटक युद्ध हा ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धाचाच तुकडा होता. फ्रेंचांनी १७४६ मध्ये मद्रास घेतलं आणि १७४८ च्या तहात ते इंग्रजांना परत मिळालं, तेव्हा त्याच तहात फ्रान्सला कॅनडातला लुईबर्गचा किल्ला परत गेला. पण हीच किल्ली प्रत्येक कुलपाला लावू नका. दुसरं कर्नाटक युद्ध लंडन आणि पॅरिस यांच्यात रीतसर शांतता असताना पेटलं. त्याची कारणं हैदराबाद आणि अर्काटच्या गादीच्या भांडणांत शोधावी लागतात. १७५१ मध्ये हैदराबादचा निजाम सलाबतजंग याच्या बाजूनं फ्रेंच सेनापती बुसीच्या तोफा पेशव्यांच्या फौजेवर डागल्या जात होत्या, तेव्हा युरोपातल्या तहाला तीन वर्षं होऊन गेली होती.