उधळ्या पुत्राच्या चित्रातून ‘कृपा’ कशी शिकवावी

‘कृपा’ हा शब्द चर्चच्या उपासनेत इतक्यांदा येतो की कानावरून निघून जातो. तो डोळ्यांनी पाहायचा तर डच चित्रकार रेम्ब्राँचं उधळ्या पुत्राच्या परतीचं चित्र घ्या. येशूच्या दृष्टांतातला हा पोरगा बापाकडून घेतलेला वाटा उधळून कंगाल होऊन घरी परततो. १६६०च्या दशकातलं हे चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे.

आधी छपाई. मूळ चित्र २६२ × २०५ सेंटिमीटरचं. ए-३ कागदाची रुंदी पूर्ण भरली की उंची ३८ सेंटिमीटर होते, चारेक सेंटिमीटर कागद मोकळा राहतो. बेळगावातल्या छपाईवाल्याला तो तसाच ठेवायला बजावून सांगा. कागद भरायला चित्र ताणलं की बाप उगाच लांबुडका दिसतो. फ्लेक्स नको, चकाकतं. मॅट कागदावर एक नमुना काढा. मागची माणसं काळोखात बुडाली असतील तर उजेड वाढवून पुन्हा छापा. एका प्रतीभोवती आठ-दहा जण पुरेत.

पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. इथेच घोटाळा होतो: चालवणारा लगेच अर्थ सांगू लागतो आणि लोक चित्र सोडून त्याच्याकडे बघतात. मग फक्त ‘काय दिसतं?’ विचारा. पोराच्या डाव्या पायातलं पायताण निसटलंय, तळवा उघडा पडलाय. उजव्यातलं फाटून गेलंय. डोकं भादरलेलं. कमरेला मात्र छोटी कट्यार अजून आहे. भातलावणीचे पाय पाहिलेल्या खानापूरकडच्या माणसाला त्या तळव्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही.

आता बायबलमधली ही गोष्ट, लूकचं शुभवर्तमान १५:११-३२, वाचा. गटात कन्नड बोलणारे असतील तर कन्नडमधूनही. मग फरक शोधायला लावा. शास्त्रात बाप धावत जातो, चित्रात जागचा हलत नाही. मोठा भाऊ तिथे शेतात, इथे उजवीकडे लाल झग्यात उभा. चित्रकार चुकला म्हणून पुढे जाऊ नका, चर्चेला खरा रंग इथेच चढतो.

१९व्या वचनातलं ‘मोलकरी म्हणून ठेवा’ हे पोरानं मनात घोकून आणलंय. २१व्यात ते येतच नाही, बाप तिथवर बोलू देत नाही. चित्रात पोराचं तोंड बापाच्या छातीशी दडलंय. कृपा मजुरीच्या बदल्यात मिळत नाही, हे इथे बोट ठेवून दाखवता येतं.

बापाचा डावा हात राकट, उजवा मऊ. एक बापाचा, एक आईचा असं पुष्कळ जण सांगतात. सुंदर आहे, पण रेम्ब्राँनं तसं लिहून ठेवलेलं नाही. सिद्धांत म्हणून शिकवू नका.

शेवटची पंधरा मिनिटं मोठ्या भावाला द्या. त्याच्या आणि बापाच्या मधलं अंतर बोटांनी मोजायला सांगा. रुसून बाहेर थांबलेला तो शेवटी घरात गेला का, हे लूक सांगत नाही. तुम्हीही सांगू नका, गटाला बोलू द्या.