एसएसडी-हार्डडिस्कचं सामायिक स्टोरेज वाटताना या चुका टाळा

‘सगळ्यांना सारखे आयओपीएस’ (सेकंदाला होणाऱ्या वाचन-लेखनाच्या रिक्वेस्ट) हा नियम एकाच डिस्कवर बऱ्यापैकी निभावून जातो. वर कॅश म्हणून वेगवान एसएसडी आणि खाली संथ हार्डडिस्क आली, की तोच नियम एकावर अन्याय करतो. शिवाय महागडी एसएसडी बसून राहते ती वेगळीच.

हिशेब करून बघा. समजा एसएसडी सेकंदाला 500 रिक्वेस्ट पेलते आणि हार्डडिस्क 100. ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन क्लायंट. ‘अ’च्या 90 टक्के रिक्वेस्ट एसएसडीवरच भागतात, ‘ब’च्या 50 टक्के; बाकीच्या हार्डडिस्कवर जातात. सारखी वाटणी केली तर प्रत्येकी 166 वरच हार्डडिस्क तुंबते आणि एसएसडी निम्मीही भरत नाही. उलट दोन्ही डिस्कचा सरळ अर्धा भाग तोडून दिला असता, तर ‘अ’ला 277 मिळाले असते. मग त्याने सामायिक स्टोरेजवर राहायचंच कशाला?

दुसरी चूक जाणकारांची. 2011 सालची डॉमिनंट रिसोर्स फेअरनेस पद्धत इथे जशीच्या तशी लावली जाते: ज्याला जे साधन सर्वांत जास्त लागतं, त्यातला प्रत्येकाचा वाटा सारखा. त्याने ‘अ’ला 357 आणि ‘ब’ला सुमारे 129 मिळतात, तरी एसएसडीचा जवळपास पाव भाग रिकामाच. ‘अ’ एसएसडीवर अडतो, ‘ब’ हार्डडिस्कवर, तरी ही पद्धत दोघांचे वाटे सारखेच ठेवते. वांग आणि वर्मन या संशोधकांनी 2014 मध्ये एकाच डिस्कवर अडणाऱ्यांमध्येच वाटे सारखे ठेवणारी वाटणी मांडली. त्यांच्या हिशेबाने ‘अ’ला 500 आणि ‘ब’ला 100 मिळतात, आणि दोन्ही डिस्क पूर्ण भरतात. ‘ब’ कुरकुरला तर त्याला अर्ध्या भागाचा हिशेब दाखवा. तिथेही त्याला 100च मिळाले असते.

हिट रेशो, म्हणजे एसएसडीवरच भागणाऱ्या रिक्वेस्टचं प्रमाण, एकदा मोजून कायमचा धरू नका. रात्रीच्या बॅकअपने ‘अ’चा गरम (वारंवार लागणारा) डेटा एसएसडीच्या कॅशमधून हुसकला आणि त्याचा रेशो 90 वरून 70 वर आला, तर हार्डडिस्कवर त्याचा भार तिप्पट होतो. सकाळी तक्रार मात्र ‘ब’ची येते.

लिनक्सवर सीग्रुपचं (प्रक्रियांच्या गटांना साधनं वाटून देणाऱ्या सोयीचं) आयओ.मॅक्स लावून न्याय झाला असं समजू नका. ती निव्वळ मर्यादा आहे: शेजारी झोपलेला असला तरी उरलेली क्षमता तुम्हाला मिळत नाही. वाटणीसाठी वजनाच्या प्रमाणात वाटा देणारं आयओ.वेट वापरा. सेफ (Ceph) या वितरित स्टोरेज प्रणालीतला एमक्लॉक हा शेड्युलरही मुळात क्लायंटांची कामं, रिकव्हरी आणि स्क्रबिंग (साठवलेल्या डेटाची तपासणी) यांच्यात वाटणी करतो. दोन क्लायंटांचं भांडण तो सोडवत नाही.

तक्रार आली की आधी आयओस्टॅट या डिस्कचा वापर दाखवणाऱ्या कमांडमध्ये दोन्ही डिस्क वेगवेगळ्या बघा. हार्डडिस्कचा वापर शंभरला टेकलेला आणि एसएसडी निवांत असेल, तर नवी एसएसडी मागवण्याआधी वाटणी तपासा. एसएसडीच्या वापराच्या टक्केवारीवर मात्र विसंबू नका. ती एका वेळी अनेक रिक्वेस्ट हाताळते, त्यामुळे 100 टक्के दिसलं तरी जागा शिल्लक असू शकते. तिथे प्रतीक्षेचा वेळ बघा.