मासेमारी उघडण्याआधी जुन्या 407 चे ब्रेकलाइट आणि इंडिकेटर: तयारीची यादी

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. मासळी वाहणारे रत्नागिरीकडचे जुने टाटा 407 हे छोटे ट्रक या दिवसांत पावसात उभेच असतात. ऑगस्टमध्ये माल भरून आंबा घाट चढायच्या आधी मागचे दिवे तपासायचेच, आणि तेही जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, दिवसाउजेडी, सगळं सामान जवळ घेऊन. क्रेटमधून गळणारं खारं पाणी हौद्याच्या फटींतून नेमकं मागच्या दिव्यांवर आणि चॅसीवर उतरतं. म्हणून या गाड्यांत बल्बपेक्षा होल्डर आणि अर्थ, म्हणजे दिव्यातून चॅसीकडे करंट परत नेणारी जोडणी, जास्त त्रास देतात. तयारी त्या हिशोबाने करा.

इंडिकेटरसाठी 12 व्होल्ट 21 वॅटचे एका फिलामेंटचे बल्ब आणि ब्रेक-टेलसाठी (टेल म्हणजे पार्किंग लावल्यावर मागे पेटणारा दिवा) 21/5 वॅटचे दोन फिलामेंटचे बल्ब जोडीने आणा. मोठ्या ट्रकला 24 व्होल्ट असू शकतात, तेव्हा बॅटऱ्या बघूनच बल्ब घ्या. फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा), फ्यूज, पॉलिश पेपर, लहान वायर ब्रश, थिंबल (वायरीच्या टोकाला लावायची धातूची टोपी), टेप, पेट्रोलियम जेली आणि चार-पाच मीटर चांगली तांब्याची वायरही लागेल. मल्टिमीटर हवाच, पण त्याआधी एका होल्डरला दोन लांब वायरी लावून 21 वॅटचा टेस्टिंग बल्ब तयार करा. वायर आतून कुजून एखादाच धागा शिल्लक असला तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. तेवढा भार त्या एका धाग्याला झेपत नाही, बल्ब मिणमिणतो आणि खरा दोष उघडा पडतो.

गाडी सपाट जागी लावा, चाकांना दगड द्या. बॅटरीची टर्मिनल घासून घट्ट करा. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास मिळाले की पुढे जा. दोन महिने उभी राहिलेली बॅटरी उतरलेली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर सगळीकडे दोष दिसतील.

काहीही उघडण्याआधी एका माणसाला मागे उभं करा आणि पार्किंग, ब्रेक, डावा, उजवा असं एकेक आणि मग एकत्र लावून जे दिसतं ते कागदावर लिहा. ही पायरी टाळून थेट वायरी कापणारा वायरमन मला पटत नाही. निम्मं निदान इथेच होतं. इंडिकेटर एकाच बाजूला घाईने लुकलुकत असेल तर त्या बाजूचा बल्ब गेलाय किंवा कोणी एलईडी बल्ब बसवलाय. नीट चालणारा इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकतो. दोन्ही बाजू मेल्या पण हॅझर्ड (सगळे इंडिकेटर एकदम लावायचं बटण) चालत असेल तर मागच्या वायरी सोडा, इंडिकेटरचा फ्यूज आणि स्टिअरिंगजवळचा स्विच बघा.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, किंवा पार्किंग लावलं की ब्रेकलाइट फिका पडतो, ही अर्थ गेल्याची खूण. करंटला चॅसीकडे परत जायला वाट मिळत नाही, मग तो शेजारच्या फिलामेंटमधून जातो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर थेट होल्डरच्या अर्थला टेकवून बघा. दिवा लगेच लख्ख झाला तर नवा बल्ब, नवा स्विच काही लागणार नाही. ब्रेक दाबलेला असताना होल्डरची अर्थ आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर लावला आणि अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं, तरी तेच उत्तर. अर्थचा बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासा, नवं थिंबल लावून आवळा आणि वरून जेली फासा.

होल्डरमधली हिरवी बुरशी खरवडताना दोन फिलामेंटच्या बल्बच्या पिना बघा. त्या वर-खाली असतात. जबरदस्तीने उलटा किंवा चुकीचा बल्ब बसवला की ब्रेकचा करंट टेलमध्ये शिरतो आणि ब्रेक दाबताच डॅशबोर्डचे दिवेसुद्धा पेटतात.

दोन्ही ब्रेकलाइट एकदम बंद असतील तर फ्यूज बघून ब्रेक स्विचकडे वळा. त्याच्या दोन वायरी क्षणभर एकमेकींना जोडा. दिवे पेटले तर स्विच गेला. तो ऑइल लाइनवर असेल तर बदलल्यावर ब्रेकची हवा काढावीच लागते. त्यासाठी ब्रेक ऑइलचा बंद डबा आणून ठेवा, आणि हात बसलेला नसेल तर हे काम मेकॅनिककडून करून घ्या.

फ्यूज पुन्हा उडत असेल तर तांब्याची तार गुंडाळू नका. अख्खं वायरिंग जळतं. पावसाळ्यात हौद्याला वेल्डिंग केलं असेल तर त्या जागेखालची वायर हाताने चाचपा, ती वितळून चॅसीला टेकलेली असते. वेल्डिंग अजून बाकी असेल तर आधी बॅटरी सोडवायला सांगा. टेलच्या वायरीतून शोभेच्या दिव्यांसाठी काढलेले सगळे फाटे तोडा.

शेवटी अंधार पडल्यावर इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र बघा, वायरी हलवत बघा, आणि काचेची रबरं नीट बसलीत ना ते पाण्याची बादली ओतून बघा. उरलेले बल्ब, दोन फ्यूज आणि तो टेस्टिंग बल्ब केबिनमध्येच ठेवा.