बग्गीची ताकद वाढवायची? आधी ब्रेक बघा

इंजिनाला हात लावण्याआधी ब्रेक पॅड, टाय-रॉड एंड (स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) आणि चाकांची बेअरिंग तपासा. पहिला खर्च गिअरिंगवर करा. मागच्या 40 दात्यांच्या स्प्रॉकेटऐवजी (चेनचं दातेरी चाक) 44 चं बसवलं की चाकावरचा टॉर्क (फिरवणारा जोर) 10 टक्के वाढतो, टॉप स्पीड सुमारे 9 टक्के उतरतो. चेन बहुधा दोन कड्यांनी वाढवावी लागते. सोबत 20 ऐवजी 22 इंची टायर चढवलेत, तर फायदा पार धुऊन निघतो. लोक नेमकं हेच करतात!

जास्त हवा खेळावी म्हणून फिल्टर-सायलेन्सर मोकळा केला, की कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) एकेक नंबरने वाढवा. फुल थ्रॉटलवर पळवा, तिथेच इंजिन बंद करून स्पार्क प्लग काढून रंग बघा. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, पिस्टन जळेल. काळी काजळी म्हणजे जास्त. फिकट तपकिरी आला की थांबा. बिग बोअर किट (मोठा सिलिंडर-पिस्टन) सगळ्यात शेवटी.